बागाईतदारांचे गट व शहरातील ग्राहक : समाजमाध्यमांचा दुवा

कोकणातील हापूस आंबा मुंबईच्या बाजारात जाऊ लागला त्यास पिढ्या लोटल्या. तथापि, आंबा पिकविणारा व आंबा खाणारा यांची परस्परांशी ओळख अशी झालीच नाही. पेटी बागेतून निघे, वाशीच्या बाजारात अडत्याच्या गाळ्यावर उतरे, तेथून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांच्या हातून फिरत शेवटी एखाद्या घरात पोहोचे. बागाईतदाराच्या हाती काही दिवसांनी पट्टी येई. तीत फळ कोणी खाल्ले, ते गोड निघाले की आंबट, पेटीतील किती फळे टाकून द्यावी लागली, याविषयी अवाक्षरही नसे. फळ चांगले निघाले तर नाव दुकानदाराचे होई. वाईट निघाले तर दोष ‘कोकणातल्या मालावर’ जाई. ज्याने वर्षभर बाग राखली त्यास शाबासकी मिळत नव्हती, आणि चूक कोठे झाली हेही कळत नव्हते. यातील दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा अधिक मोठे होय. परंतु त्याची गणती कोणी केली नाही.

गेल्या काही वर्षांत ही स्थिती पालटू लागली आहे. २००३ पासून कंपनी कायद्यान्वये शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन करण्याची सोय झाली. २०१६ साली महाराष्ट्रात बाजार समित्यांच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याची विक्री नियमनातून मुक्त करण्यात आली. त्याच वर्षी यूपीआय ही बँक खात्यातून खात्यात पैसे पाठविण्याची पद्धती सुरू झाली आणि मोबाईलवरील इंटरनेटही स्वस्त झाले. ह्या तीन-चार गोष्टी निरनिराळ्या कारणांनी घडल्या असल्या तरी एकत्र आल्यामुळे शेतकऱ्यांच्या लहान गटासही थेट ग्राहकापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. तो मार्ग खरोखर चालण्याजोगा आहे की नाही याची परीक्षा २०२० साली झाली. त्या वर्षी २५ मार्च रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, ती नेमकी आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर. बाजार कधी चालू तर कधी बंद, वाहने मिळण्याची खात्री नाही, अशा स्थितीत ज्या गटांपाशी पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांतील लोकांचे मोबाईल क्रमांक होते त्यांनी व्हॉट्सॲपवर मागण्या गोळा करून पेट्या थेट इमारतींच्या फाटकांपर्यंत नेल्या. ज्यांच्यापाशी केवळ अडत्याचा क्रमांक होता त्यांना वाट पाहात बसावे लागले.

एकतर्फी प्रचार आणि दुतर्फी संभाषण

व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आदी साधनांना समाजमाध्यमे म्हणतात. पुष्कळ कार्यकर्त्यांचा असा समज असतो की, ही माध्यमे म्हणजे जाहिरातीची स्वस्त साधने होत. पूर्वी भिंतीवर फलक लावीत, आता तोच फलक मोबाईलवर लावावयाचा. हा समज अपुरा आहे. फलक, हस्तपत्रक किंवा आकाशवाणी यांतून बोलणे एका बाजूनेच होते. समाजमाध्यमात ऐकणाराही बोलू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे बोलणे व त्यास मिळालेले उत्तर इतर शेकडो लोक वाचू शकतात. त्यामुळे येथे संस्थेची परीक्षा तिने काय सांगितले यावरून जितकी होते त्याहून अधिक ती विचारणाऱ्यास काय उत्तर देते यावरून होते.

मोठ्या कंपन्यांना हे समजण्यास वेळ लागला आणि किंमतही द्यावी लागली. कॅनडातील डेव्ह कॅरोल नावाचा एक गायक २००८ साली अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्स ह्या कंपनीच्या विमानाने प्रवास करीत होता. सामान हाताळणाऱ्यांनी आदळआपट केल्यामुळे त्याची गिटार मोडली. त्याने कित्येक महिने पत्रव्यवहार केला; परंतु तक्रार ठरलेल्या मुदतीत आली नाही एवढ्या कारणावरून कंपनीने भरपाई नाकारली. जुलै २००९ मध्ये त्याने ह्या प्रकरणावर एक गाणे रचून यूट्यूबवर ठेवले आणि लाखो लोकांनी ते पाहिले. त्यानंतर कंपनीने भरपाई देऊ केली, पण तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. वाद्याच्या दुरुस्तीचा खर्च होता सुमारे बाराशे डॉलर. एवढी रक्कम वेळेवर दिली असती तर ते गाणे जन्मासच आले नसते.

याच्या उलट उदाहरण पुढील वर्षीचे आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँड बेटावरील ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आकाशात राख पसरली आणि युरोपातील विमानवाहतूक कित्येक दिवस बंद पडली. हजारो प्रवासी जागोजागी अडकले. दूरध्वनीवर उत्तरे मिळेनात. त्या वेळी केएलएम ह्या डच विमान कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना फेसबुक व ट्विटर यांवर बसवून एकेका प्रवाशाच्या प्रश्नास उत्तरे देण्यास लावले. विमाने उडविणे कंपनीच्या हाती नव्हते. परंतु खरी स्थिती सांगणे तिच्या हाती होते, आणि तेवढ्यानेही लोकांचा राग शमला. आपल्याकडील आणंदच्या दूध उत्पादकांच्या अमूल ह्या नावामागे १९६६ पासून चालत आलेली ठिपक्याच्या फ्रॉकमधील मुलीची चित्रमालिका आहे. ती आता समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होते आणि लोक ती आपण होऊन एकमेकांस पाठवितात. अर्थात, एवढे मोठे कलापथक पदरी बाळगणे वीस बागाईतदारांच्या गटास परवडणारे नाही व त्याची गरजही नाही. लहान गटाचे बळ निराळे असते. त्याच्यापाशी प्रत्येक पेटी कोणत्या बागेतून आली हे सांगण्याची शक्ती असते, जी कोणत्याही मोठ्या व्यापाऱ्यापाशी नसते.

कोणते माध्यम कोणत्या कामास

सर्व माध्यमे एकदम सुरू करण्याचा उत्साह आवरावा. ज्या पानावर गेल्या दोन वर्षांत काहीही लिहिले गेलेले नाही ते पान बंद पडलेल्या दुकानासारखे दिसते. त्यापेक्षा पान नसलेले बरे. आरंभी व्हॉट्सॲप एवढे एकच माध्यम पुरे. जानेवारी २०१८ पासून लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲपचे ‘बिझनेस’ हे निराळे ॲप मिळू लागले असून ते विनामूल्य आहे. त्यात गटाचे नाव, पत्ता व कामाची वेळ देता येते. मालाची चित्रे व दर यांची सूची ठेवता येते. आणि ‘नवी मागणी’, ‘पैसे आले’, ‘माल रवाना’ अशा खुणा प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे लावता येतात.

येथे एक व्यावहारिक सूचना करणे जरूर आहे. ग्राहकांचा एक मोठा समूह करून त्यात सर्वांना घालण्याची पद्धत सर्रास दिसते. तीत दोन दोष आहेत. एक, प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांस दिसतो आणि ते कित्येकांस, विशेषतः भगिनींना, रुचत नाही. दुसरा, एकाने शुभप्रभातचे चित्र टाकले की दहा जण त्याचे अनुकरण करतात आणि आंब्याची वार्ता त्याखाली गाडली जाते. यास्तव ‘प्रसारण यादी’ वापरावी. तीतून पाठविलेला निरोप प्रत्येकास स्वतंत्रपणे मिळतो व त्याचे उत्तरही फक्त गटाकडेच येते. मात्र ज्या ग्राहकाने गटाचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये साठविलेला असेल त्यालाच हा निरोप पोहोचतो. ह्या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे ‘दोनशे लोकांना कळविले, उत्तर कोणाचेच नाही’ अशी निराशा पदरी येते. पहिली पेटी देतानाच ‘आमचा क्रमांक गटाच्या नावाने साठवून ठेवा’ अशी चिठ्ठी तीत ठेवल्यास काम होते.

फेसबुक व इन्स्टाग्राम ही नवीन ग्राहक मिळविण्यास उपयोगी पडतात, तर बाग, फवारणी, काढणी व अढी यांची चित्रफीत ठेवण्यास यूट्यूब सोयीचे. चित्रफीत तीन-चार मिनिटांहून मोठी नसावी. तीत पाहुण्यांचा सत्कार व भाषणे नसावीत. शहरातील गृहिणीस झेल्याने देठासह उतरविलेले फळ पाहावयाचे असते, व्यासपीठ नव्हे.

ग्राहकवही

गटाची खरी मालमत्ता मोबाईल नसून ग्राहकांची यादी होय. ती मोबाईलमध्ये असावीच, परंतु जाड पुठ्ठ्याच्या वहीतही उतरलेली असावी. ग्राहकाचे नाव, क्रमांक, पत्ता, मागील वर्षी घेतलेल्या पेट्या, दिलेली रक्कम, आणि एक मोठा रकाना ‘काय म्हणाले’ ह्यासाठी. एखाद्या काकांना आंबा अर्धवट तयार लागतो, कारण त्यांना तो गावोगावच्या नातेवाइकांस पाठवावयाचा असतो. एखाद्या ताईंना लगेच खाण्याजोगा लागतो. एखाद्या घरात मधुमेहामुळे मोठी पेटी नको, दोन डझनच पुरे. ह्या गोष्टी लक्षात ठेवून पुढील वर्षी न विचारता तसा माल पाठविणाऱ्या गटास ग्राहक सोडून जात नाहीत.

मोबाईल क्रमांक कोणाच्या नावावर असावा, ह्या प्रश्नाकडे आरंभी दुर्लक्ष होते व पुढे त्यातूनच भांडणे उद्भवतात. बहुधा गावातील एखादा शिकलेला तरुण हौसेने हे काम अंगावर घेतो आणि स्वतःचाच क्रमांक देतो. दोन हंगाम काम उत्तम चालते. तिसऱ्या वर्षी त्यास शहरात नोकरी लागते; क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि त्याबरोबर तीनशे ग्राहकही जातात. त्या तरुणाचा यात काहीच अपराध नसतो. म्हणून गटाच्या ठरावाने निराळा क्रमांक घ्यावा, त्याचा खर्च गटाने करावा, आणि तो चालविणाऱ्यास हंगामापुरते योग्य मानधन द्यावे. फुकटचे काम फार दिवस नीट होत नाही.

निरोपांचे वेळापत्रक

ग्राहकास फक्त विक्रीच्या वेळी आठवण करणे म्हणजे पाहुण्याने जेवणाच्या वेळीच येण्यासारखे आहे. वर्षातून सहा-सात निरोप पुरेत, पण ते बागेच्या कामाशी जुळणारे असावेत. मोहोर आल्यावर त्याचे छायाचित्र. तुडतुडे किंवा फुलकिडे आल्यास कोणती उपाययोजना केली त्याची माहिती. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर पिकाचा अंदाज. काढणीपूर्वी पंधरा दिवस दर व पेटीचे आकार. आणि हंगाम संपल्यावर आभार.

पिकाचा अंदाज सांगताना सत्य सांगावे. अवकाळी पावसाने मोहोर गेला असेल तर तसे चित्रासह कळवावे. ‘पीक कमी आहे असे सांगितले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल’ अशी भीती बागाईतदारांस वाटते. प्रत्यक्षात फेब्रुवारीतच कळलेल्या वाईट बातमीने ग्राहक तुटत नाही, एप्रिलअखेरीस दहादा फोन करूनही पेटी न आल्याने तुटतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत झाडांवरील तयार फळांचा खच पडला. अशा आपत्तीत आगाऊ रक्कम घेतलेल्या गटापुढे कठीण प्रसंग उभा राहतो. पैसे खर्च झालेले असतात आणि फळ जमिनीवर पडलेले असते. त्या दिवशी मोबाईल बंद करून ठेवण्याचा मोह होतो. परंतु पडलेल्या फळांचे छायाचित्र, ‘आपली रक्कम परत हवी की पुढील वर्षीच्या मागणीत जमा करावी’ एवढा प्रश्न, आणि उत्तर देण्यास पंधरा दिवसांची मुदत, एवढा निरोप त्याच दिवशी गेला पाहिजे. ज्यांना रक्कम परत हवी असेल त्यांना ती विनातक्रार द्यावी. यासाठीच आगाऊ रक्कम पूर्ण किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये आणि ती माल रवाना होईपर्यंत निराळ्या खात्यात ठेवावी.

साक्याची तक्रार

हापूस विकणाऱ्या प्रत्येक गटास जी तक्रार आज ना उद्या ऐकावीच लागते ती साक्याची होय. फळ वरून पिवळेधमक, वास सुरेख, पण कापल्यावर आत पांढुरका, आंबूस, स्पंजासारखा गर. हा दोष फळास बाहेरून हात लावून किंवा रंग पाहून ओळखता येत नाही. ह्यामुळेच तो विक्रेत्यास व ग्राहकास सारखाच फसवितो. ग्राहकास वाटते, आपणांस जाणूनबुजून खराब माल दिला. बागाईतदारास वाटते, गिऱ्हाईक पैसे बुडविण्यासाठी निमित्त शोधते आहे. दोघेही चुकतात.

अशा वेळी ‘साका नैसर्गिक आहे, आमचा काय दोष?’ असे उत्तर देण्यात येते. ते खरे आहे, पण निरुपयोगी आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

‘नमस्कार ताई. आपण पाठविलेले छायाचित्र पाहिले. हा साका आहे. फळ कापल्याशिवाय तो कळत नाही, म्हणून पेटी भरताना आमच्याही लक्षात आला नाही. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. कृपया पेटीवरील क्रमांक व एकंदर किती फळे अशी निघाली ते कळवावे. तेवढ्या फळांची रक्कम आज परत पाठवू, किंवा पुढील पेटीत तेवढी फळे अधिक घालू. आपण सांगाल तसे करू.’

समजा, आंब्याचा दर डझनास ९०० रुपये आहे आणि पाच डझनांच्या पेटीत चार फळे साक्याची निघाली. फळास ७५ रुपयांप्रमाणे ३०० रुपये परत करावे लागतील. तोच ग्राहक हंगामात तीन पेट्या घेत असेल तर त्याची खरेदी १३,५०० रुपयांची होते. ३०० रुपये वाचविण्यासाठी १३,५०० रुपयांचा ग्राहक, आणि तो ज्या दहा घरी बोलेल ती दहा घरे गमावणे हा कोणता हिशेब?

परंतु तक्रारीचा खरा उपयोग यापुढेच आहे आणि त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक पेटीवर बागेचा क्रमांक व काढणीची तारीख लिहिलेली असली, तर आलेली प्रत्येक तक्रार विशिष्ट बागेशी व विशिष्ट दिवसाशी जोडता येते. चाळीस तक्रारींपैकी पंचवीस एकाच बागेच्या मे महिन्यातील काढणीच्या निघाल्या, तर गटाने त्या बागेत जाऊन पाहावे. फळे झाडावर गरजेपेक्षा अधिक पक्व होऊ दिली काय? चौदा आणे, म्हणजे सुमारे ८५ टक्के, तयार झालेली फळे काढल्यास साक्याचे प्रमाण कमी राहते असा अनुभव आहे. काढणी भर उन्हात केली काय? उतरविलेली फळे तापलेल्या कातळावर पडून राहिली काय? झाडाखालची जमीन उघडी होती की पालापाचोळ्याचे आच्छादन होते? अडत्याच्या पट्टीने हे प्रश्न कधीच विचारले नसते.

छायाचित्रावरून दोष ओळखण्याचा सराव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी करावा. देठाजवळून काळेपणा सुरू होऊन खाली पसरत असेल तर तो देठकूज होय. अशा बागेत फळे देठासह काढली जात नाहीत असे बहुधा आढळते. सालीवर खोलगट काळे डाग असतील तर करपा. गरात अळ्या असतील तर फळमाशी. तेथे रक्षक सापळे लावले होते की नाही हे पाहावे. आणि साल सुरकुतलेली, गर आंबट असेल तर फळ कोवळे काढले गेले आहे. शेवटचा दोष निसर्गाचा नसून पहिल्या दराच्या मोहाचा आहे, आणि तो गटाच्या सभेत स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

अस्सलपणाची खात्री

बाहेरील आंबा कोकणच्या नावाने विकला जातो ही बागाईतदारांची जुनी तक्रार आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांतील हापूस आंब्यास भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन मिळाल्याने नक्कल आपोआप थांबत नाही. बागाईतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेतली पाहिजे आणि ग्राहकासही ते तपासण्याचे साधन दिले पाहिजे. २०२५ च्या हंगामात देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने ह्या दिशेने एक पाऊल टाकले. फळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावावयाची, आणि ग्राहकाने तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठविले असता फळ अस्सल आहे किंवा कसे याचे उत्तर मिळावयाचे, अशी ही योजना आहे. येथे समाजमाध्यम प्रचाराचे साधन न राहता तपासणीचे साधन झाले, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

लहान गटांनी निदान आपला नोंदणी क्रमांक पेटीवर व सूचीत छापावा. त्याबरोबरच जे सिद्ध करता येत नाही ते लिहू नये. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ हे शब्द हल्ली फार सैलपणे वापरले जातात. प्रमाणीकरण नसताना सेंद्रिय म्हणून माल विकला आणि एखाद्या चौकस ग्राहकाने प्रमाणपत्र मागितले तर सर्वांसमक्ष मान खाली घालावी लागते. ‘फवारण्या किती केल्या, शेवटची कोणत्या तारखेस केली’ हे लिहिणे अधिक प्रामाणिक आणि अधिक परिणामकारक आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. गटाने भाताच्या पेंढ्यातील अढीचे किंवा इथिलीन वायूच्या पक्वनगृहाचे छायाचित्र दिल्यास ग्राहकाच्या मनातील शंका न विचारता दूर होते. आंबापोळी, मुरंबा, आमरस असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकावयाचे असतील तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी अगोदर करून घ्यावी.

सावधगिरी

मोबाईलवरील व्यवहारात लबाडीही आहे. ‘पन्नास पेट्या हव्यात, पैसे आधीच पाठवितो, ही चौकडीची खूण तपासा आणि आपला पिन टाका’ असा फोन आल्यास तो निःसंशय फसवणुकीचा समजावा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे वाक्य गटाच्या कार्यालयात भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही. त्याचप्रमाणे पैसे भरल्याचे छायाचित्र म्हणजे पैसे नव्हेत. बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहिल्याखेरीज पेटी गाडीत चढवू नये.

ग्राहकांचे क्रमांक व पत्ते ही गटाकडे विश्वासाने दिलेली ठेव होय. ती इतर विक्रेत्यांस देऊ किंवा विकू नये. व्यक्तीच्या अशा माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली देशात कायदाही संमत झाला आहे. जे ग्राहक ‘पुन्हा निरोप पाठवू नका’ म्हणतील त्यांची नावे त्याच दिवशी यादीतून काढावीत. अनोळखी क्रमांकांवर सरसकट निरोप पाठविले आणि पुष्कळ लोकांनी त्याविरुद्ध तक्रार नोंदविली, तर व्हॉट्सॲप तो क्रमांकच बंद करते. ऐन एप्रिलमध्ये असे घडल्यास हंगाम हातचा जातो. वहीचे महत्त्व त्या दिवशी कळते.

सर्वच माल ह्या मार्गाने विकला जाईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. थेट ग्राहकास एकसारखे, निवडक फळ लागते. लहान, डागी व वाऱ्याने पडलेले फळ प्रक्रिया कारखान्याकडे किंवा बाजारातच जाणार. ज्या दिवशी एकदम दोनशे पेट्या तयार होतात त्या दिवशी बाजार समितीचाच आधार असतो. म्हणून अडत्याशी संबंध तोडण्याची घाई करू नये. पहिल्या वर्षी मालाचा दहावा हिस्सा थेट विकून पाहावा. पेटी भरण्याची मजुरी, पुठ्ठा, वाहतूक, घरपोच देण्याचा खर्च, परत केलेली रक्कम आणि मोबाईल चालविणाऱ्याचे मानधन हे सर्व वजा करून उरलेली रक्कम त्याच आठवड्यातील बाजाराच्या पट्टीशी ताडून पाहावी. हा हिशेब न करता ‘दलाल गेला, नफा वाढला’ असे म्हणणारे गट दुसऱ्या वर्षी दिसेनासे होतात.

कार्यकर्त्यांसाठी

ह्या कामाची सुरुवात मार्चमध्ये करून भागत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास, पाऊस संपताच, गटाची सभा बोलवावी. क्रमांक कोणाच्या नावे, उत्तरे कोण देणार, तो आजारी पडल्यास कोण, खराब फळांची भरपाई कोणाच्या खात्यातून, ह्या चार बाबींचे ठराव लेखी करून घ्यावेत. यांतील चौथ्या ठरावावर वाद होईल; तो आताच होऊ द्यावा. भरपाई ज्याच्या बागेचे फळ त्याने सोसावी असे ठरल्यास साक्याचा सगळा भार एकट्यावर पडतो. गटाने सामाईक सोसावी असे ठरल्यास कोवळे फळ काढणाऱ्यास धाक राहात नाही. साका व फळमाशी यांची भरपाई पहिल्या वर्षी सामाईक, आणि कोवळ्या फळांची ज्याची त्याने, अशी मधली वाट बहुतेकांस पटण्यासारखी आहे.

हंगाम संपल्यावर, जूनमध्ये झाडांना खते देण्यापूर्वी, ग्राहकवहीतील ‘काय म्हणाले’ हा रकाना सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. स्तुतीचे निरोपही वाचावेत, कारण ते ऐकण्याची संधी बागेत राबणाऱ्या गड्यांना व स्त्रियांना एरव्ही मिळत नाही; त्यांनाही त्या सभेस बोलवावे. तक्रारी बागेच्या क्रमांकानुसार वेगळ्या काढून त्यांची एक प्रत त्या त्या बागाईतदारास द्यावी आणि दुसरी कृषी कार्यालयाकडे पाठवावी, म्हणजे पुढील मोहोराच्या वेळी कोणत्या बागेस प्रथम भेट द्यावयाची हे ठरविता येईल.